‘कोंडणे’ : एका खेळातील अर्थविचार
क्योतो येथे २००७ साली उगम पावलेल्या व पुढे युरोपात रुजलेल्या ‘एस्केप रूम’ ह्या खेळात गिऱ्हाइके पैसे मोजून स्वतःस कोंडून घेतात व बहुधा तासाभरात कोडी सोडवून सुटतात. येथे ‘कोंडणे’ लाक्षणिकच असावयास हवे; दार खरोखरी उघडते ह्या भरवशावरच भीतीचा आस्वाद घेता येतो. पोलंडमधील कोशालिन येथे ४ जानेवारी २०१९ रोजी लक्षणेची अभिधा झाली. आग लागली, सुटकेची दुसरी वाट नव्हती. वाढदिवसासाठी आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली विषारी वायूने मृत्यू पावल्या. त्यानंतर तेथील शासनाने देशभर तपासणी करून अनेक खोल्या बंद केल्या. आता पुष्कळ ठिकाणी खेळाच्या दारास कुलूप नसतेच. तरी ‘आम्हांला कोंडले होते’ असेच गिऱ्हाईक सांगते. कर्ता अर्थातच अध्याहृत.