हिमोफिलियाचा मुलगा वयांत येतो तेव्हां

वाईला कृष्णेच्या घाटावर एखादें मूल पडून त्याचा गुडघा खरचटला, तर घरचीं माणसें हळद लावतात आणि मूल पुन्हां खेळावयास पळतें. हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या घरीं हा प्रसंग इतका साधा नसतो. रक्त गोठविणारीं जीं अनेक द्रव्यें शरीरांत एकामागून एक काम करितात, त्यांपैकीं आठवें किंवा नववें द्रव्य या मुलांत फार थोडें असतें. आठव्याच्या उणिवेस हिमोफिलिया ‘ए’ आणि नवव्याच्या उणिवेस ‘बी’ असें म्हणतात. जन्मणाऱ्या सुमारें ५,००० मुलग्यांत एकास ‘ए’ प्रकार होतो. ‘बी’ त्याहून विरळा.

लोकसमज असा कीं, अशा मुलाचें रक्त भळभळां वाहतें. वास्तविक तें अधिक वेगानें वाहत नाहीं, अधिक वेळ वाहतें. आणि मोठा धोका कातडीवरच्या जखमेचा नसून आंत होणाऱ्या रक्तस्रावाचा असतो. एकाच गुडघ्यांत वारंवार रक्त सांठलें म्हणजे आंतील कूर्चा झिजते आणि पाय कायमचा आखडतो. उणें असलेलें द्रव्य, ज्यास रुग्णालयांत सारे ‘फॅक्टर’ म्हणतात, तें शिरेंतून वेळेवर देणें हा यावरील मुख्य उपाय होय. महाराष्ट्र शासनानें ज्या थोड्या जिल्हा रुग्णालयांत या रोगाचीं केंद्रें उघडलीं, त्यांत साताऱ्याचें रुग्णालय आहे. वाईहून तें सुमारें ३५ किलोमीटरांवर आहे.

मूल लहान असेपर्यंत ही सारी व्यवस्था बहुधा आई चालविते. कोणता गुडघा नेहमीं सुजतो, कोणत्या हाताची शीर सांपडते, मागची मात्रा केव्हां दिली, हें तिला तोंडपाठ असतें. मुलगा फक्त हात पुढें करितो.

अडचण उभी राहते ती त्यानंतर. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठींच आहे. १८७५ च्या कायद्यानें मुलगा त्याच वयांत सज्ञान ठरतो आणि शस्त्रक्रियेच्या कागदावर सही त्याचीच लागते. याच सुमारास शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तो पुण्यास जातो. वसतिगृहांत गुडघा दुखूं लागला, तर मित्रांपासून लपविण्याकडे त्याचा कल होतो. अनोळखी दवाखान्यांत रोगाचें नांव न सांगितल्यास स्नायूंत सुई टोचली जाते किंवा ॲस्पिरिनची गोळी मिळते. या दोन्ही गोष्टी त्यास वर्ज्य आहेत. आईनें १५ वर्षें जपलेला सांधा अशा एकदोन हयगयींत बिघडूं शकतो.

म्हणून हें स्थित्यंतर म्हणजे केवळ रुग्णालय बदलणें नव्हे. आईच्या ठायीं असलेलें ज्ञान आणि अधिकार मुलाच्या स्वाधीन करणें होय, आणि तें एका दिवसांत होत नाहीं. अमेरिकेंतील बालवैद्य, कुटुंबवैद्य आणि प्रौढांचे वैद्य यांच्या संस्थांनीं २०११ सालीं दीर्घ आजाराच्या सर्वच मुलांविषयीं असा सल्ला दिला कीं, याची बोलणीं १२ व्या वर्षीं सुरू करावीं आणि १४ व्या वर्षीं योजना आंखावी.

हिमोफिलियाच्या बाबतींत ही योजना सहज आंखतां येते. १२ व्या वर्षीं मुलानें आपल्या रोगाचा प्रकार व रक्तांतील द्रव्याचें प्रमाण स्वतः सांगावें. पुढें रक्तस्रावाची वही त्यानेंच लिहावी आणि परिचारिकेच्या देखरेखीखालीं आपली शीर शोधावयास शिकावें. मात्रेचा हिशेबहि त्यास यावा. आठव्या द्रव्याचें एक युनिट दर किलो वजनामागें त्याचें प्रमाण सुमारें २ टक्क्यांनीं वाढवितें. म्हणजे तें ४० टक्क्यांनीं वाढवावयाचें, तर १५ किलोच्या बालकास ३०० युनिटें पुरतात आणि ६० किलोच्या तरुणास १,२०० लागतात. १६ व्या वर्षापासून तपासणीचा कांहीं वेळ त्यानें वैद्यांजवळ एकट्यानें बसावें.

बालरुग्णांच्या दालनांत सहसा न निघणारी एक गोष्टहि त्यास कळली पाहिजे. पत्नी निर्दोष असल्यास त्याच्या मुलग्यांस हा रोग होत नाहीं. परंतु प्रत्येक मुलगी तो दोष पुढें नेणारी असते. विवाहापूर्वीं हें ज्ञान त्यास आणि त्याच्या बहिणींस असावें.

जुनें रुग्णालय सोडण्यापूर्वीं नव्या वैद्यांची भेट व्हावी आणि हातांत एक पत्र असावें: रोगाचा प्रकार, वजन, मात्रा, फॅक्टरविरुद्ध प्रतिद्रव्यें झालीं आहेत कीं नाहींत, दुखावलेले सांधे, झालेल्या शस्त्रक्रिया, वर्ज्य औषधें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ज्या २१ प्रकारांस मान्यता दिली त्यांत हिमोफिलिया आहे. तपासणीअंतीं प्रमाणपत्र मिळाल्यास तेंहि मुलाच्याच पेटींत असावें.

तयारी झाली कीं नाहीं, हें जन्मतारखेवरून कळत नाहीं. वैद्यांनीं विचारावें, “मागचा रक्तस्राव कोणत्या सांध्यांत झाला?” उत्तरासाठीं मुलानें आईच्या तोंडाकडे पाहिलें, तर अजून शिकविणें बाकी आहे, आणि उत्तर आईनेंच दिलें, तर शिकविण्यास आरंभच झालेला नाहीं.