बॅकअप फाइल : वीज गेल्यावरची आणि आपला हात चुकल्यावरची

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं, सुरू करू या.

आज मी लिबरऑफिस रायटर आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड या दोन प्रोग्रामबद्दल बोलणार आहे. दोन्हींमध्ये ‘आपोआप बॅकअप’ होतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या सोयी आहेत. एक आहे म्हणून दुसरीही आहे असं धरून चाललं, की मोठं काम हातचं जातं.

पहिली सोय म्हणजे ऑटोरिकव्हरी. तुम्ही टाइप करत असता तेव्हा प्रोग्राम ठरावीक वेळाने मजकुराची एक तात्पुरती प्रत बाजूला ठेवत असतो. वर्डमध्ये हा वेळ मुळात १० मिनिटांचा असतो, तो कमी करता येतो. वीज गेली, मशीन अडकलं, तर पुढच्या वेळी प्रोग्राम ही प्रत तुमच्यासमोर ठेवतो. ती आली की घाईघाईने ‘डिस्कार्ड’ दाबू नका. उघडा, वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मग मूळ फाइलशी ताडून बघा. मात्र फाइल तुम्ही रीतसर सेव्ह करून बंद केलीत, की या प्रतीचं काम संपलं. प्रोग्राम ती स्वतःच काढून टाकतो.

दुसरी सोय बॅकअप प्रतीची. ही घड्याळावर चालत नाही, तुमच्या सेव्हवर चालते. तुम्ही सेव्ह करता त्या क्षणी डिस्कवर असलेली आधीची फाइल पुसली न जाता बाजूला ठेवली जाते आणि मग नवी लिहिली जाते. वर्ड ती मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवतो, तिचं एक्स्टेन्शन डब्ल्यूबीके. लिबरऑफिस ती मुळात स्वतःच्या बॅकअप फोल्डरमध्ये ठेवतो, एक्स्टेन्शन बीएके. वर्डमध्ये ही सोय मुळात बंद असते. लिबरऑफिसमध्येही चालू असेल असं धरू नका, उघडून बघा.

आता ही दुसरी सोय का लागते, ते मराठीतल्याच उदाहरणाने बघू. समजा, एका बाईंचा २०० पानांचा प्रबंध आहे. मार्गदर्शकांनी सांगितलं, ‘अहो, तुम्ही सगळीकडे “की” हे उभयान्वयी अव्यय ऱ्हस्व लिहिलंय.’ बाईंनी काय केलं? फाइंड अँड रिप्लेसमध्ये ‘कि’ घातलं, त्याच्या जागी ‘की’ घातलं आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. सेव्ह केलं, बंद केलं, झोपल्या. सकाळी बघतात तर ‘किती’चं ‘कीती’ झालंय, ‘किल्ला’चा ‘कील्ला’, ‘चकित’चं ‘चकीत’. (हशा.) हसू नका, याच्यात रडायचीच पाळी येते. अनडू आता उपयोगाचं नाही, कारण फाइल बंद झाली तेव्हाच तो इतिहास गेला. उलटं रिप्लेस करावं म्हटलं, तर आधीपासून बरोबर असलेले ‘वकील’ आणि ‘बाकी’सुद्धा ऱ्हस्व होतील. मूळचे दीर्घ कोणते आणि कालचे कोणते, हे आता त्या फाइलला सांगता येत नाही.

इथे ऑटोरिकव्हरी काहीच करू शकत नाही. तिच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही! इथे बॅकअप प्रतच लागते, म्हणजे रिप्लेसनंतरच्या सेव्हच्या आधीची फाइल. पण एक मेख आहे. ही प्रत एकच पाऊल मागची असते. बाईंनी ‘कीती’ बघून दोन-चार ठिकाणी हाताने दुरुस्ती केली आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं, तर बॅकअपमध्ये आता कालची बिघडलेली फाइल येऊन बसते आणि चांगली प्रत कायमची जाते. म्हणून घोटाळा दिसला, की आधी दुरुस्ती नको, सेव्ह नको. फाइल बंद करा, बॅकअप शोधा, तिची नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये काढा आणि त्या नकलेवर काम करा. लिबरऑफिसची असेल तर नक्कल केल्यावर तिच्या नावाच्या शेवटचं बीएके काढून ओडीटी करा, म्हणजे नेहमीसारखी उघडेल.

(श्रोत्यांतून प्रश्न : फोल्डरमध्ये नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली फाइल दिसते, ती बॅकअपच ना?)

चांगलं विचारलंत. नाही. ती ‘ही फाइल सध्या अमुक माणसाने उघडली आहे’ एवढं सांगणारी पाटी आहे. तिचा आकार बघा, साधारण १६२ बाइट. त्यात प्रबंध कसा मावणार? लोक तीच फाइल कितीतरी वेळ उघडायचा प्रयत्न करत बसतात.

जागेबद्दल थोडं. पेनड्राइव्हवरच काम करत असाल तर वर्डची बॅकअप प्रतही त्याच पेनड्राइव्हवर असते. तो हरवला की दोन्ही गेल्या. लिबरऑफिसचं उलट आहे. बाहेर टायपिंगच्या दुकानात तुमची फाइल त्यांच्या मशीनवर उघडून सेव्ह केलीत आणि तिथे ही सोय चालू असेल, तर एक प्रत त्यांच्या बॅकअप फोल्डरमध्ये मागे राहते. मृत्युपत्र, वैद्यकीय कागद असं काही असेल तर हे लक्षात असू द्या.

वनड्राइव्ह किंवा गूगल डॉक्सवर काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे सेव्ह दाबावंच लागत नाही, त्यामुळे जुनं पत्र उघडून त्यात नवा मजकूर भरायला लागलात की जुनं पत्र बदलतच जातं. आधी नक्कल काढा, मग लिहा. विसरलात तर व्हर्जन हिस्टरीत जुनी आवृत्ती शोधता येते.

आता सोय चालू कशी करायची ते. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग लोड/सेव्ह, त्यात जनरल. तिथे ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’वर खूण करा. फोल्डरचा पत्ता त्याच ऑप्शन्समध्ये पाथ्सखाली दिसेल, तो कागदावर लिहून ठेवा, कारण विंडोजमध्ये तो लपलेल्या फोल्डरच्या आत असतो. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि खाली सेव्हच्या भागात हीच ओळ.

मग एक नवी फाइल घ्या. एक ओळ लिहून सेव्ह करा, दुसरी ओळ लिहून पुन्हा सेव्ह करा, फाइल बंद करा. आता बॅकअप प्रत शोधून उघडा. तिच्यात फक्त पहिली ओळ दिसली, तर सोय चालू आहे.