नखावरची अब्री : मेहंदीच्या जोडीला एक घरबसल्या व्यवसाय

चांदरातीला कोणत्याही शहराच्या बाजारात जा. मेहंदी काढणाऱ्या मुलींसमोर रांग लागलेली असते आणि बांगड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. लग्नसराईतही हेच चित्र. या गर्दीत आता नखांवरच्या नक्षीची भर पडली आहे. बाजारात तयार छापील स्टिकर मिळतात, पण ते सगळे एकाच साच्यातले. नवरीच्या जोड्याशी रंग जुळवून दे म्हटले की छापील माल उपयोगी पडत नाही. तिथे हाताच्या कामाला जागा आहे आणि ती जागा आपल्या घरातल्या मुली भरून काढू शकतात.

हे काम म्हणजे नेलपॉलिशचे संगमरवरी पापुद्रे. दोन-तीन रंगांचे नेलपॉलिश एका गुळगुळीत पृष्ठभागावर ओतून सुईने लहरी काढायच्या, ते सुकू द्यायचे, मग पापडासारखा पातळ थर सोलून घ्यायचा आणि नखाच्या मापाने कापून चिकटवायचा. इंग्रजीत या पापुद्र्याला डेकल म्हणतात. भांडवल थोडे, जागा एका टेबलाएवढी. पण हात बसायला वेळ लागतो आणि माल विकताना एका बाबतीत फार चोख राहावे लागते. त्याबद्दल पुढे सांगतो.

कला आपल्या ओळखीची

रंग तरंगवून लहरी काढण्याची कला नवी नाही. तुर्कस्तानात तिला एब्रू म्हणतात, इराण आणि हिंदुस्थानात अब्री. फारसीत अब्र म्हणजे ढग. कतीरा डिंकाच्या दाट पाण्यावर गुरांच्या पित्ताचे थेंब मिसळलेले रंग शिंपडायचे, सुईने किंवा फणीने ओढायचे आणि वर कागद टेकवून नक्षी उचलायची, अशी ही पद्धत. कुराणाच्या प्रतींच्या बांधणीत आणि सुलेखनाच्या चौकटीत हा कागद वापरला जाई. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात चित्रकारांनी अब्रीतून घोडेस्वारांची आकृतीचित्रे काढली. त्यांतली काही आज परदेशी संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. इस्तंबूलच्या नज्मुद्दीन ओक्याय (1883–1976) यांनी अब्रीत फुले काढण्याची पद्धत रुजवली. 2014 साली युनेस्कोने एब्रूला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

नखावरची नक्षी त्याच कुळातली. थेंबात थेंब टाकून वर्तुळे करणे, मधून सुई ओढून पान काढणे, फणी फिरवून पिसे काढणे, हे सारे डाव अब्रीचेच आहेत. शिकणाऱ्या मुलीने अब्रीचे जुने नमुने समोर ठेवून सराव केला तर तिचा माल बाजारातल्या मालाहून वेगळा दिसेल.

माल समजून घ्या

नेलपॉलिश म्हणजे काय, हे फर्निचरला लॅकर मारणाऱ्या किंवा मोटारी रंगवणाऱ्या आपल्या कारागिरांना समजावून सांगायला नको. नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ इथाइल आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवलेला असतो. द्रावण उडून गेले की मागे पातळ, चकचकीत पडदा उरतो. लाकडावरचे एन. सी. लॅकर याच जातीचे. त्यामुळे लॅकरला जे रोग होतात ते इथेही होतात.

पहिला रोग पावसाळ्याचा. हवेत दमटपणा असला की सुकणारा थर गार पडतो, त्यावर हवेतले पाणी धरते आणि पारदर्शक थर दुधाळ होतो. पावसाळ्यात लॅकर पांढरे पडते ते यामुळेच. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी पापुद्रे ओतू नयेत. ओतायचेच असतील तर थर अगदी पातळ ठेवावा. दुसरा रोग घाईचा. पहिला थर ओला असताना दुसरा मारला की आत बुडबुडे अडकतात. तिसरा रोग जुन्या मालाचा. बाटली घट्ट झाली की रंग पसरत नाही, लहरीऐवजी गोळे होतात.

बाटली घेताना लेबल वाचावे. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. टोल्यूईन, फॉर्मल्डिहाईड आणि डायब्यूटाइल थॅलेट हे तीन पदार्थ नसलेले पॉलिश निवडावे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी या भागांत बाकीचे किरकोळ सामान घाऊक भावात मिळते.

कृती

सामान : पारदर्शक नेलपॉलिश, तीन-चार रंगांचे नेलपॉलिश, सिलिकॉनची चटई किंवा जाड प्लॅस्टिकची झिप पिशवी, बारीक सुई, टूथपिक, छोटी कात्री, चिमटा, नखाची कानस, रिमूव्हर आणि कापूस.

1. चटई किंवा पिशवी सपाट जागी पसरून पुसून घ्या. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा किंवा कडक पारदर्शक डबीचे झाकण वापरू नका. पॉलिशमधले द्रावण त्यांना खाते आणि थर कायमचा चिकटतो.

2. पारदर्शक पॉलिशचा एक थर मारा. तो पूर्ण सुकल्यावर दुसरा मारा. हा पापुद्र्याचा पाया. पाया पातळ राहिला तर सोलताना फाटतो.

3. पाया सुकल्यावर मुख्य रंगाचा थर ओता. तो ओला असतानाच दुसऱ्या आणि तिसऱ्या रंगाचे थेंब टाका. हात चपळ हवा, कारण वरची साय लगेच धरू लागते. रंग एकाच कंपनीचे आणि सारख्याच पातळपणाचे असले तर एकमेकांत नीट सरकतात.

4. सुई हलकेच ओढा. प्रत्येक ओढीनंतर टोक रिमूव्हरच्या कापसाने पुसा. पाच-सहा ओढींत नक्षी उतरली पाहिजे. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ढवळत राहणे. त्याने रंग मिसळून चिखल होतो. थांबायचे कधी, हे कळणे म्हणजे अर्धी कला.

5. रात्रभर सावलीत सुकू द्या. पंखा थेट वर नको आणि ऊनही नको. सकाळी पारदर्शक पॉलिशचा एक पातळ हात द्या आणि पुन्हा सुकवा.

6. कोपऱ्यातून नखाने उचलून सावकाश सोला. पापुद्रा लवचिक असतानाच कापायला घ्या. बरेच दिवस तसाच ठेवला तर तो कडक होऊन तडकतो. ठेवायचाच असेल तर दोन सिलिकॉन लावलेल्या बेकिंग पेपरांमध्ये सपाट ठेवून पिशवी बंद करा.

7. दहा नखांच्या मापाचे कागदी नमुने करून त्यांप्रमाणे कापा. नखावर किंवा कृत्रिम टिपेवर पारदर्शक पॉलिशचा हात द्या. ते चिकट असतानाच पापुद्रा ठेवा आणि मधून कडेकडे दाबत जा. कडा कानशीने एकाच दिशेने घासा आणि शेवटी वरून पारदर्शक हात द्या.

अब्रीच्या कागदाप्रमाणेच पापुद्र्याचे दोन ताव कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून एका गिऱ्हाईकाची दहाही नखे एकाच तावातून कापावीत आणि वर दोन तुकडे राखून ठेवावेत. निकाहच्या दिवशी एखादे नख निसटले तर नवरीला त्याच नक्षीचा तुकडा देता आला पाहिजे. अशा छोट्या गोष्टींनीच गिऱ्हाईक टिकते.

आग आणि वाफ

पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. हे काम स्वयंपाकघरात करू नये. शेजारी चूल, मेणबत्ती, अगरबत्ती किंवा लोबानची धुपाटणी नसावी. खिडकी उघडी ठेवावी, वाफ कोंडू देऊ नये. लहान मुलांना लांब ठेवावे. वापरलेला कापूस झाकणाच्या डब्यात टाकावा. उरलेले पॉलिश मोरीत ओतू नये.

वुजूचा प्रश्न आणि व्यापाऱ्याची जबान

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या गिऱ्हाईकांपैकी अनेक भगिनी पाबंदीने नमाज पढणाऱ्या आहेत. वुजू आणि गुस्लमध्ये नखापर्यंत पाणी पोहोचले पाहिजे, हे वाचक जाणतात. म्हणून गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारते की हे लावून वुजू होईल का? इथे आपल्या व्यवसायाची खरी परीक्षा असते. उत्तर मालाप्रमाणे वेगळे आहे.

पापुद्रा थेट नखावर चिकटवून वरून पॉलिश मारले तर तो साध्या नेलपॉलिशसारखाच झाला. पाणी आत जाणार नाही आणि काढायला रिमूव्हर लागेल. पक्क्या गोंदाने बसवलेल्या कृत्रिम टिपांचेही तेच.

पापुद्रा कृत्रिम टिपेवर चढवला आणि टीप दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टॅबने नखावर बसवली, तर ती काही तासांसाठी टिकते आणि हाताने काढता येते. दावत संपली की टिपा काढायच्या, नखावर राहिलेला चिकटा घासून साफ करायचा, वुजू करायचा आणि टिपा डबीत ठेवायच्या. पुढच्या वेळी नवे टॅब लावून त्याच टिपा वापरता येतात. आपल्या गिऱ्हाईकासाठी हाच माल योग्य आणि धंद्यालाही हाच सोयीचा, कारण तो घरी बसून आधी तयार करता येतो.

तिसरा प्रकार ‘श्वास घेणाऱ्या’ पॉलिशचा. 2013 च्या सुमारास पोलंडच्या इंग्लॉट कंपनीच्या अशा पॉलिशची जगभरच्या मुस्लिम महिलांत बरीच चर्चा झाली. नंतर अनेक कंपन्यांनी ‘हलाल’, ‘वुजूला चालणारे’ अशी लेबले लावली. कागदावर पॉलिश फासून वर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि तो आरपार गेला असे दाखवायचे, ही यांच्या विक्रीची ठरलेली युक्ती. पण कागद म्हणजे नख नव्हे. वाफ आत-बाहेर जाणे वेगळे आणि वुजूच्या वेळात पाणी नखापर्यंत पोहोचणे वेगळे. त्यावर दोन-तीन हात चढवले आणि वर पापुद्रा लावला तर कंपनीचा दावाही उरत नाही. हा मसला गिऱ्हाईकाने आपल्या आलिमांना विचारावा. दुकानदाराने फतवा देऊ नये आणि लेबल दाखवून हातही झटकू नयेत.

धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओलावा लागला, ती हदीस सर्वांना ठाऊक आहे. वर सुके आणि आत ओले, असा माल विकणे आपल्याला शोभत नाही. चार गिऱ्हाइके कमी झाली तरी चालतील, पण आपल्या शब्दावर विसंबून कोणाची नमाज धोक्यात येऊ नये. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घालावी : ‘वुजूपूर्वी टिपा काढाव्यात, नखावरील चिकटा साफ करावा.’ ही चिठ्ठी हीच आपल्या मालाची सर्वांत चांगली जाहिरात ठरेल.

हिशेब

घरच्या कामात मजुरी धरायची नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. उदाहरणादाखल पाहू. समजा 9 मिलीची बाटली 90 रुपयांची आहे आणि एका तावाला सगळे रंग मिळून 3 मिली पॉलिश लागले. म्हणजे ताव 30 रुपयांचा. त्यातून चार संच निघाले तर संचाला साडेसात रुपये. टिपा, टॅब, डबी आणि चिठ्ठी यांचे 60 रुपये. दीड तासाची मजुरी ताशी 100 रुपयांनी 150. एकूण साडेदोनशे नव्हे, तर 217 रुपये 50 पैसे. पण पाचांतला एक संच बिघडतो असे धरा. मग चार चांगल्या संचांवर पाचांचा खर्च पडतो आणि एक संच सुमारे 272 रुपयांना जातो. पॉलिश साडेसात रुपयांचे म्हणून 200 रुपयांना संच विकणारी भगिनी फायद्यात नाही. ती स्वतःची मजुरी खाते आहे.

आपले आकडे प्रत्येकीने स्वतः काढावेत. ओतण्यापूर्वी आणि ओतल्यानंतर बाटली छोट्या काट्यावर तोलली की नेमके किती पॉलिश गेले ते कळते. वहीत तारीख, रंग, बॅच आणि गिऱ्हाईक लिहून ठेवावे. कोणाच्या त्वचेला खाज किंवा पुरळ आले तर कोणत्या बाटलीने, हे त्या वहीतून सापडते.

सुरुवातीला कर्जाची गरज नाही. ओळखीतली मेहंदी काढणारी, बांगडीवाले आणि लग्नाचे कपडे विकणारे दुकान, एवढ्यांकडे नमुन्याची एकेक डबी ठेवावी. माल शक्यतो रोखीने द्यावा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. मात्र नेलपॉलिश स्वतः बनवून किंवा दुसऱ्याचे आपल्या बाटलीत भरून विकू नये. सौंदर्यप्रसाधन तयार करून विकायला परवाना लागतो. सुटे पापुद्रे पाकिटात घालून दुकानांतून विकायचे असतील तर आधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

ईदला अजून अवकाश असेल तेव्हाच सराव सुरू करावा. पहिले दहा ताव बिघडतील, ते शिकण्याचा खर्च म्हणून धरावेत. अकराव्या तावापासून हात वळू लागेल. हात वळला की माल विकला जाईल आणि शब्द खरा ठेवला की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येईल. बरकत त्यातच आहे.