विश्वास, श्रद्धा आणि भावार्थ

तौलनिक साहित्याच्या तासाला ना. वा. टिळक दरवर्षी येतात, आणि बरीच वर्षे मी त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकवून मोकळी होत असे. धर्मांतरासाठी एकच वाक्य ठरलेले होते : १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मग वर्ग पुन्हा कवितेकडे. काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी माझ्यापाशी आली. "मॅडम, फुलं कळली, मुलं कळली, पण ते ख्रिस्ती का झाले, हे राहिलंच," ती म्हणाली. ती स्वतः ख्रिस्ती घरातली होती, आणि वर्षभरात वर्गात एकदाही बोलली नव्हती. त्या संध्याकाळी माधव नगरातल्या घरी परतताना जाणवले, की तिच्या गप्प बसण्यात माझ्या त्या एका वाक्याचाही वाटा होता.

अडचण कोणती, हे सर्वच शिक्षक जाणतात. श्रद्धेविषयी बोलावे तर प्रचार केल्यासारखे वाटते, आणि न बोलावे तर टिळक अर्धेच शिकवले जातात. मी यातून भाषेची वाट धरली. श्रद्धा बाळगायला शिकवणे हे आपले काम नाही; पण श्रद्धा या शब्दाचा अर्थ शिकवणे निश्चितच आपले काम आहे.

आता या विषयाची सुरुवात मी फळ्यावर दोन शब्द लिहून करते : विश्वास आणि श्रद्धा. दोन्हींचा अर्थ एकच, असे बहुतेक मुले सांगतात. मग मी क्रियापदे मागते. मराठी घरांतली मुले सांगू लागतात. विश्वास ठेवतात, टाकतात. तो बसतो आणि उडतो. श्रद्धा जडते, ढळते. विश्वासघात होतो, पण 'श्रद्धाघात' कोणी म्हणत नाही. म्हणजे विश्वासात समोर दुसरा माणूस असतो आणि तो आपल्याला फसवू शकतो, हे भाषेने आधीच ओळखून ठेवले आहे. 'विश्वास पानिपतात गेला' या आपल्या म्हणीत विश्वासरावांच्या नावावर श्लेष आहे. १७६१ सालचे दुःख त्यात विनोदाच्या आडून बोलते.

उज्जैनच्या वर्गात आणखी एक गंमत हाताशी असते. हिंदीत ज्याला अंधविश्वास म्हणतात, त्याला मराठीत अंधश्रद्धा म्हणतात. एकाच कल्पनेसाठी एका भाषेने दोष विश्वासाच्या पदरी घातला, दुसरीने श्रद्धेच्या. हिंदी बोलणारे ख्रिस्ती लोक श्रद्धावानाला 'विश्वासी' म्हणतात. तोच शब्द मराठी कानाला निराळा लागतो. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक चटकन कळतो, कारण ती रोज दोन्ही शब्द वापरतात.

व्युत्पत्तीही उपयोगी पडते. विश्वासाच्या मुळाशी 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो, असे मी मुलांना सांगते. श्रद्धा या शब्दाचे नाते लॅटिनमधील 'क्रेदो' या क्रियापदाशी आहे. ख्रिस्ती धर्मसाराचा आरंभ लॅटिनमध्ये याच शब्दाने होतो. बायबलच्या नव्या करारातील ग्रीक 'पिस्तिस' या शब्दात भरवसा आणि एकनिष्ठा हे दोन्ही अर्थ नांदतात. हिब्रूत या कल्पनेसाठी जो धातू आहे, त्याचा मूळ अर्थ स्थिर, पक्के असणे. प्रार्थनेच्या शेवटचे 'आमेन' त्यातूनच आले. या परंपरेत श्रद्धा म्हणजे केवळ एखादे मत मान्य करणे नव्हे. ज्याच्यावर भार टाकला तर तो ढळणार नाही अशा कोणावर तरी भार टाकणे, हा तिचा गाभा आहे. 'भिस्त ठेवणे' हा आपला साधा वाक्प्रचार या अर्थाच्या फार जवळ जातो.

ही कल्पना मराठीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मांडली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. ओवीसंख्या सुमारे अकरा हजार. श्रद्धेसाठी त्यांनी आपल्याच भक्तिपरंपरेतला शब्द घेतला : भावार्थ. गोव्याच्या कोंकणीत ख्रिस्ती श्रद्धेला आजही भावार्थ म्हणतात. हे सांगितले की वर्ग हसतो, कारण मुलांना 'भावार्थ लिहा' एवढेच परीक्षेपुरते ठाऊक असते. मग मी ज्ञानेश्वरीचे दुसरे नाव 'भावार्थदीपिका' आणि एकनाथांचे 'भावार्थ रामायण' यांची आठवण करून देते. 'भाव तेथे देव' ही म्हण तर घराघरांत आहे. स्टीफन्सनी नव्या धर्मासाठी ओळखीचा शब्द निवडला तो यासाठी, की अनोळखी शब्दावर कोणी भरवसा ठेवत नाही. याच साष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली होती, हेही मी त्याच तासाला सांगते. सत्तेच्या बळाने माणूस नमतो. भावार्थ मात्र बळाने उपजत नाही. ग्रंथात पाद्री सांगतात आणि ब्राह्मण प्रश्न विचारतो. शंकेला रचनेतच जागा आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

यानंतर टिळकांकडे वळते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे आपल्याच जुन्या मध्य प्रांतात, आगगाडीत त्यांना एक परका प्रवासी भेटला आणि त्याने नवा करार वाचायला दिला. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथवर कथा श्रद्धेची आहे. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उघडली की ती विश्वासाची होते. घरात न सांगता निघून जाण्याची सवय असलेला नवरा. त्याचे धर्मांतर, आणि मागे राहिलेली, रीतसर शाळा न शिकलेली पत्नी. काही काळाच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या, पण आपले सोवळे आणि आपली चूल सांभाळून. एका घरात दोन धर्म राहिले. टिळकांनी घाई केली नाही, त्यांनी माघार घेतली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

येथे मी मुलांना एक प्रश्न देते : आधी काय परतले, नवऱ्यावरचा विश्वास की नवी श्रद्धा? दरवर्षी वर्गात दोन तट पडतात. माझे मत मी शेवटी सांगते. देवाविषयीचे पटायच्या आधी माणसाविषयीचे पटावे लागते, असे मला त्या पुस्तकातून दिसते. लक्ष्मीबाईंनी मोडलेला विश्वास लपवला नाही, म्हणून त्यांची श्रद्धा वाचकाला खरी वाटते. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्तावरची भिस्त कायम राहिली, संस्थेवरची नाही. हा भेद कळला की धर्म, संस्था आणि श्रद्धा या तीन गोष्टी मुले एकाच दोरीत बांधत नाहीत.

श्रद्धा म्हणजे शंकेचा अभाव, ही समजूतही याच टप्प्यावर दूर करावी लागते. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूपाशी येतो. आपला विश्वास आहे असे तो म्हणतो, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठीही मदत मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. शिष्य थॉमसची कथाही अशीच. तो जखमा पाहिल्याशिवाय मानायला तयार नव्हता, आणि केरळातील ख्रिस्ती परंपरा आपले मूळ त्याच थॉमसशी जोडते.

शिकवताना मी तीन पथ्ये पाळते. कोणत्याही धर्माचा शब्द त्या धर्माच्या लोकांनी जसा वापरला तसाच आधी समजून घ्यायचा. टीका करायची तर आपल्या परंपरेलाही तीच मोजपट्टी लावायची. आणि कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या धर्माचा प्रतिनिधी करून उभे करायचे नाही. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. 'तुमच्यात काय म्हणतात?' असे भर वर्गात विचारले, की त्या मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडतो, आणि मग विश्वासावरचा तास कितीही चांगला झाला तरी व्यर्थ.

तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी पुढच्या वर्षी पुन्हा माझ्या वर्गात होती. 'स्मृतिचित्रे'वरच्या चर्चेत ती आपणहून उठली आणि लक्ष्मीबाईंची चूल वेगळी होती हे तिला का आवडले, यावर पाच मिनिटे बोलली. आपल्या धर्माविषयी तिने एक शब्दही काढला नाही, आणि तशी गरजही नव्हती. त्या दिवशी तिने वर्गावर विश्वास टाकला होता.