ताळेबंदात न दिसणारी मालमत्ता



वार्षिक अहवाल घरोघर पोचला की एक प्रश्न हमखास येतो, ‘ऊस विकासावर एवढा खर्च कशाला? पत्रकात तर नुसता खर्चच दिसतोय.’ प्रश्न रास्त आहे.

मिल, बॉयलर, वजनकाटा या वस्तू दिसतात, मोजता येतात. त्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून चढतात व दरसाल त्यांवर घसारा पडतो. हाताला न लागणारी ती अमूर्त मालमत्ता. तिच्यासाठी भारतीय सनदी लेखापाल संस्थेने 2002 साली हिशेब मानक 26 काढले. त्यानुसार ती आपल्या ताब्यात हवी, पुढे तिचा फायदा मिळायला हवा आणि तिचा खर्च नीट मोजता यायला हवा. विकत घेतलेली संगणक प्रणाली या कसोटीला उतरते. माणसाचे कसब सहसा उतरत नाही. पॅनवर उभे राहून साखरेचा दाणा नजरेने ओळखणारा पॅनमन उद्या दुसरीकडे गेला तर त्याला धरून कोण ठेवणार? म्हणून त्याला शिकविण्याचा पैसा त्याच वर्षी खर्ची पडतो. यात हिशेबनीसांचे काही चुकत नाही. जो तो आपल्या कसबाची किंमत स्वतःच लावू लागला तर ताळेबंदावर विश्वास कोण ठेवील? (आमच्या खात्याची आम्ही जरा जास्तच लावली असती!)

घोटाळा होतो तो पुढे. जे मालमत्तेत नाही ते फुकट गेले, असे वाटू लागते. आम्ही पूर्वी ज्या कारखान्यात होतो तेथे एका वर्षी काटकसर म्हणून गटांतले शेतकी मदतनीस कमी केले. लागण नोंदीची वही मग अंदाजाने भरली गेली. हंगामात आडसाली ऊस तुरे येऊन उभा आणि सुरूचा कोवळा ऊस गव्हाणीत! पगाराची बचत पत्रकात दिसली. उतारा घसरला तो मात्र ‘पावसामुळे’ म्हणून लिहिला गेला.

पाच लाख टन गाळपावर उतारा फक्त 0.1 टक्का घसरला तरी 5,000 क्विंटल साखर जाते. 2019 साली ठरलेल्या किलोला 31 रुपये किमान दराने ती 1 कोटी 55 लाख रुपयांची होते. मदतनीसांचे पगार याच्यापुढे ठेवून पाहा.

स्वीडनमधील स्कँडिया या विमा कंपनीने 1994 च्या अहवालाला माणसांच्या ज्ञानाची माहिती देणारी वेगळी पुरवणी जोडली होती. आपल्यालाही एक पान जोडता येईल. त्यात रुपये नकोत. किती लागणींची नोंद प्रत्यक्ष फडात जाऊन झाली, किती माती तपासली, बेणे मळ्यातले बेणे किती एकरांवर गेले, कोणते जुने कामगार निवृत्त होणार आणि त्यांच्या हाताखाली कोण तयार होतोय, एवढे पुरे. सभेत ते पान जरूर मागा.

आणि मदतनीस बांधावर आला की लागणीची खरी तारीख सांगा. तोड लवकर मिळावी म्हणून महिनाभर मागची सांगू नका.