कागद वाचला, पण वीज?

ॲन आर्बरला आमच्या घरी आता पोस्टाने बिलं येत नाहीत. बँक, फोन, विमा, सगळं ई-मेलवर. खाली हिरवं पान आणि 'कागद वाचवल्याबद्दल धन्यवाद' अशी ओळ. ऐरोलीला माझ्या भावालाही असेच मेल येतात. वाचून बरं वाटायचं. गेल्या वर्षापासून मात्र त्या हिरव्या पानावरचा माझा विश्वास जरा कमी झालाय.

आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत सलीन टाउनशिप आहे. सगळा शेतीचा भाग. तिथे ओपनएआय आणि ओरॅकलसाठी रिलेटेड डिजिटल ही कंपनी डेटा सेंटर उभारतेय. वीज लागणार १,४०० मेगावॉट. आकडा डोक्यात शिरेना, म्हणून कोयनेशी ताडून पाहिला. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट!

सप्टेंबर २०२५ मध्ये टाउनशिपच्या मंडळाने ४ विरुद्ध १ मतांनी या जमिनीचा वापर बदलायला नकार दिला. कंपनी आणि जमीनमालक कोर्टात गेले. ऑक्टोबरात तडजोड झाली. अग्निशमन, शेतजमिनीचं जतन आणि स्थानिक कामं यांसाठी कंपनीने सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर कबूल केले. डिसेंबरात राज्याच्या आयोगाने वीजकरारही मंजूर केला, तोसुद्धा लोक मागत असलेल्या सविस्तर सुनावणीशिवाय.

पैसे दिले हे खरंच. पण आधी 'नाही' म्हणणाऱ्या गावाला खटल्यानंतर मिळालेल्या पैशाला सामाजिक जबाबदारी म्हणायचं का?

तंत्रज्ञान वाईट, असं मला म्हणायचं नाही. कारखान्यात वीज-पाणी कुठे वाया जातं ते सेन्सरमुळे लगेच कळतं. ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरपेक्षा मोठं केंद्र कमी विजेत तेच काम करू शकतं. पण काम क्लाउडवर गेलं की कंपनीचं स्वतःचं वीजबिल घटतं आणि अहवाल देखणा होतो. वीज मात्र दुसऱ्याच्या मीटरवर, दुसऱ्याच्या गावात जळतच असते. भारतात सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना वीज, पाणी, कचऱ्याचा हिशेब देणं सक्तीचं केलं, हे चांगलंच झालं. पण विकत घेतलेल्या सेवांमागचं प्रदूषण त्यात ऐच्छिक रकान्यात राहिलं.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या ठाणे-बेलापूर रोडच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती त्याच ना?"

"त्याच रे."

आपल्यापैकी कितीतरी जण, इथले आणि तिथलेही, याच कंपन्यांत किंवा त्यांच्या ग्राहक कंपन्यांत काम करतो. पुढच्या मीटिंगमध्ये हिरव्या पानाची स्लाइड आली, तर एवढंच विचारा: आपलं क्लाउड नेमकं कुठल्या गावात आहे, आणि त्या गावाला कुणी विचारलं होतं का?