विश्लेषण : सोरायसिसचे मलम नियमित लावायला मोबाइल किती कामाचा? चंद्रपूर-गडचिरोलीत काय जमेल?

कोपरावर, गुडघ्यावर जाड चट्टा, त्यावर चंदेरी पापुद्रे आणि खाज, ही सोरायसिसची नेहमीची ओळख. त्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात बदलतात. या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बिघाडामुळे हेच चक्र काही दिवसांत उरकते आणि पापुद्रे साचत जातात. तो स्पर्शाने पसरत नाही. कायमचा बरा होत नसला तरी आटोक्यात राहतो. चट्टे मोजके असतील तर मुख्य उपचार मलमाचाच. पण ते रोज लावले जात नाही, खरी अडचण तिथे आहे.

मलम का सुटते?

ते चिकट असते, कपड्यांना लागते, फरक दिसायला काही आठवडे जातात. खाज थांबली की ट्यूब फळीवर जाते. काही दिवसांनी चट्टा परत येतो आणि ‘औषधाचा गुण नाही’ असा निष्कर्ष निघतो.

अ‍ॅपने फरक पडतो का?

डेन्मार्कमध्ये १३४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना रोज आठवण करून देणारे अ‍ॅप दिले होते आणि औषध किती वेळा वापरले याची नोंद डब्यावरची चिप घेत होती. चार आठवड्यांनी अ‍ॅपवाल्यांपैकी ६५ टक्के रुग्ण नियमित होते, इतरांपैकी ३८ टक्के. मात्र आजार कमी होण्यातला दोन गटांमधला फरक पुढच्या महिन्यांत तितका ठळक राहिला नाही. म्हणजे आठवण उपयोगी पडते, पण ती एकटी पुरत नाही.

नेटवर्क नसेल तर?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा भागात चिपवाला डबा दूरची गोष्ट. पण मोबाइलच्या अलार्मला रेंज लागत नाही. संध्याकाळच्या आंघोळीनंतरची वेळ लावली तरी भागते. दुसरा अलार्म मलम थांबवण्याच्या तारखेचा लावावा, कारण स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे लावत राहिल्यास त्वचा पातळ होते. हा दुसरा अलार्म बहुतेक जण विसरतात.

हिशेब तर अ‍ॅपशिवायही होतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे चार तळहातांएवढे असतील आणि मलम दिवसातून एकदाच लावायचे असेल, तर १५ ग्रॅमची ट्यूब १५ दिवसांत संपायला हवी. ती दोन महिने पुरली, तर मलम कमी पडतेय किंवा दिवस चुकताहेत, एवढे नक्की. पावसाळ्याआधी किती ट्यूब आणून ठेवायच्या, हेही याच गणितातून कळते.

फोटो कसा काढावा?

दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी नाणे ठेवून, दर आठवड्याला एकाच अंतरावरून. आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा, रेंजमध्ये आल्यावर तो पाठवताही येतो. सावळ्या त्वचेवर चट्टा लालऐवजी जांभळट किंवा तपकिरी दिसतो. पापुद्रे गेल्यावरही डाग काही महिने राहतो. तो आजार समजून मलम घासत बसू नये. जाडी आणि पापुद्रे किती उरले, हे पाहावे.

फोटोवरून निदान होईल?

इथे सावध राहायला हवे. आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे त्या चंद्रपुरात आणि शेजारच्या गडचिरोलीत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. चट्टा दिसला की गावात तीच शंका येते आणि भीतीपोटी लपवाछपवी होते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर अनेकदा स्पर्श कळत नाही, सोरायसिसच्या चट्ट्यावर तो कळतो. कॅमेऱ्याला हे तपासता येत नाही. स्पर्श कळतो म्हणून कुष्ठरोग नाहीच, असेही धरता येत नाही. त्यामुळे पहिली तपासणी आरोग्य केंद्रात, समोरासमोर व्हावी. कुष्ठरोग निघाला तरी सरकारी उपचार मोफत आहेत.

पुढच्या भेटींसाठी ई-संजीवनी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मोफत सेवेत आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला व्हिडीओवर डॉक्टरांशी जोडून देतात. जाताना ट्यूब आणि फोनमधले फोटो सोबत न्यावेत. बाजारातून आणलेले ‘खाजेचे’ मलम लावत असाल तर तेही दाखवा. अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पोटातून किंवा इंजेक्शनने स्टेरॉइड घेतले असेल तर ते आधी सांगावे. ते अचानक बंद केल्यास सोरायसिस उसळून पू भरलेल्या फोडांपर्यंत जाऊ शकतो.